फॉरेन्सिक रिपोर्टमध्ये "जुळतो" लिहिलंय म्हणजे विषय संपला का?

नवी_वकील

नमस्कार सगळ्यांना. मी वकिलीत अगदी नवीन आहे, अजून वर्ष पण झालं नाहीये, सिनियर सरांच्या मागे बसून फाइली सांभाळते. मागच्या आठवड्यात एका खुनाच्या खटल्यात बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ साक्षीला आले होते (ओळखू येतील असे तपशील बदललेत). सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, त्यांनी सांगितलं की खिडकीच्या काचेवर मिळालेला ठसा आणि आरोपीच्या उजव्या तर्जनीचा ठसा जुळतो. बास, एवढंच. आमच्याकडून उलटतपासणीत दोन प्रश्न गेले, शिक्षण काय आणि नोकरीला किती वर्षं झाली, आणि पंधरा-वीस मिनिटांत साक्षीदार मोकळे.

बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं की आपण ठशाबद्दल काहीच कसं नाही विचारलं, तर ते म्हणाले अगं विज्ञानाशी काय भांडणार, जास्त खोदलं तर साक्षीदार उलट अजून पक्कं करून जातो. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही हे मलाही कळतं, नको तो प्रश्न विचारून केस घालवलेले वकील आहेतच. पण मला तेव्हापासून चैन नाहीये. तो ठसा सोडला तर आरोपीविरुद्ध फार काही नाही, आणि त्या एका शब्दावर माणूस जन्मभर आत जाऊ शकतो. तो निर्दोषच आहे असं मी म्हणत नाही, मला माहीतच नाही, ते तर कोर्टाने ठरवायचंय. मला एवढंच कळून घ्यायचंय की "जुळतो" म्हणजे नक्की काय, ते किती वेळा चुकतं, आणि आमच्यासारख्यांनी विचारायचं तरी काय. ठसे, डीएनए, जे माहीत असेल ते सांगा, पण कृपा करून नुसते सिनेमातले किस्से नकोत.

ठसेतज्ज्ञ_१४वर्षं

ताई, मी याच कामात आहे, १४ वर्षं झाली, त्यामुळे जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी हे समजून घ्या की घटनास्थळावरचा ठसा, ज्याला आम्ही चान्स प्रिंट म्हणतो, तो शाईने घेतलेल्या ठशासारखा कधीच नसतो. अर्धा असतो, घसरलेला असतो, कधी एकावर एक दोन बोटं पडलेली असतात, पावडर कमीजास्त लागलेली असते. आम्ही बघतो ते आधी शंख आहे का चक्र आहे, मग एकेक रेषा, कुठे संपते, कुठे फुटून दोन होतात, मधे छोटा तुकडा आहे का, आणि या सगळ्यांची एकमेकांपासूनची जागा. स्वच्छ ठसा असेल आणि खुणा भरपूर असतील तर अनुभवी माणसाची चूक होणं अवघड आहे, हे मी मनापासून सांगतो. अडचण येते ती पुसट ठशात.

काय होतं बघा. मी भिंगाखाली पुसट ठसा बघतो आणि मला आठ खुणा दिसतात. मग संशयिताचा ठसा शेजारी ठेवतो. सहा जुळतात. आता त्या स्वच्छ ठशात अजून एक रेषा फुटलेली मला दिसते, म्हणून मी परत पुसट ठशाकडे जातो आणि त्याच जागी बघतो, आणि तिथे पावडरीचा एक ठिपका असतो जो पाच मिनिटांपूर्वी मी धूळ म्हणून सोडून दिला होता, तो आता मला फुटलेली रेषा दिसायला लागतो. मी खोटं बोलत नसतो ताई. मला खरंच तसं दिसतं. माझ्याबाबतीत हे झालंय, आणि मी जर पहिल्याच फेरीत आठ खुणा कागदावर काढून ठेवल्या नसत्या तर मला स्वतःला कधी कळलं नसतं.

हे फक्त माझ्यासारख्या साध्या माणसाचं होतं असं नाही. मार्च २००४ मध्ये माद्रिदला रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, त्यात डेटोनेटर असलेल्या एका प्लास्टिक पिशवीवर ठसा मिळाला. एफबीआयच्या कॉम्प्युटरने २० उमेदवार काढून दिले, चौथ्या नंबरवर अमेरिकेतल्या ओरेगनचा एक वकील, ब्रँडन मेफिल्ड. एफबीआयच्या तज्ज्ञांनी एकामागून एक ओळख पटवली, शंभर टक्के म्हणाले. स्पॅनिश पोलिसांनी एप्रिलमध्येच कळवलं होतं की आम्हाला हा ठसा जुळत नाही, तरी मे महिन्यात त्याला अटक झाली. कोर्टाने बचावासाठी नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ, त्यानेही जुळतो म्हणूनच सांगितलं! आणि साधारण त्याच सुमाराला स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं शोधून काढलं आणि मेफिल्ड दोन आठवड्यांनी सुटला. नंतर चौकशी झाली त्यात हेच निघालं की दोघांचे ठसे विलक्षण सारखे होते हे खरं, पण मेफिल्डचा ठसा बघून झाल्यावर तज्ज्ञांना चान्स प्रिंटमध्ये अशा खुणा "दिसल्या" ज्या तिथे नव्हत्याच.

यावरून २००६ साली इटिएल ड्रोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला, तो तर मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. पाच अनुभवी तज्ज्ञ घेतले. प्रत्येकाला त्याने स्वतःच काही वर्षांपूर्वी "जुळतो" म्हणून दिलेली जोडी परत दिली, फक्त सांगितलं की ही ती माद्रिदची एफबीआयने चुकवलेली जोडी आहे. पाचातल्या तिघांनी सांगितलं जुळत नाही. एकाने सांगितलं ठरवता येत नाही. एकटाच आपल्या जुन्या मतावर राहिला. ठसे तेच, डोळे तेच, बदलली ती फक्त कानावर पडलेली गोष्ट.

पाच जणांचा प्रयोग लहान आहे हे मला मान्य आहे. २०११ ला १६९ तज्ज्ञांवर मोठी चाचणी झाली, त्यात चुकून भलत्याच माणसाशी जुळवण्याचं प्रमाण ०.१ टक्का निघालं, आणि खरं तर जुळणारा ठसा नाही जुळत म्हणण्याचं ७.५ टक्के. म्हणजे आम्ही बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनेच चुकतो. पण त्या चाचणीत कोणी कानात सांगत नव्हतं की याने गुन्हा केलाय. म्हणून तुमचा पहिला प्रश्न शिक्षणाचा नको. विचारा की ठसा हातात घेण्याआधी तुम्हाला केसबद्दल काय काय माहीत होतं.

निवृत्त_फायरमन

वरच्या साहेबांनी फार प्रामाणिक लिहिलंय. माझा अनुभव आगीचा. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला जुन्या लोकांनी जे शिकवलं ते आम्ही डोळे मिटून मानलं, की खिडकीच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या असतील तर आग एकदम भडकली, म्हणजे पेट्रोल-रॉकेल ओतलंय, आणि फरशीवर डबक्यासारखे जळके डाग असले की तिथे ओतलंय. कोणी तपासून बघितलं नव्हतं हे खरं का ते.

मग १९९१ मध्ये फ्लोरिडात एका माणसावर घर पेटवून घरच्यांना मारल्याचा आरोप होता, तो सांगत होता की मुलाने खेळता खेळता सोफ्याला आग लावली. सरकारी पक्षाच्याच तज्ज्ञांनी शेजारचं तसंच घर तसंच सामान लावून पेटवून बघितलं. त्यांना वाटत होतं नुसत्या सोफ्यावरून आग पसरायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. साडेचार मिनिटांच्या आसपास अख्खी खोली एकदम पेटली. छताखाली साठलेला गरम धूर इतका तापतो की खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच वेळी पेट घेते, फरशी सुद्धा, याला फ्लॅशओव्हर म्हणतात. आणि त्यानंतर फरशीवर तेच डबक्यासारखे डाग होते, एक थेंब पेट्रोल नसताना. आरोप मागे घेतले. आणि काचेच्या भेगा? तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं की पडतात. पाणी कोण मारतं, आम्ही मारतो. आमच्याच पाइपने पडलेल्या भेगा आम्ही पुरावा म्हणून दाखवत होतो, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही नीट.

टेक्सासमधल्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या आगीसाठी दोषी धरलं, तीन लहान मुली गेल्या होत्या त्याच्या. काचेच्या भेगा, डबक्याचे डाग, सगळं तेच. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला, त्याच्या काही दिवस आधी एका अग्नितज्ज्ञाने लिहून दिलं होतं की यात आग लावल्याचा एकही पुरावा नाही. कोणी थांबवलं नाही. त्या फायर इन्स्पेक्टरने खोटी साक्ष दिली असं मला नाही वाटत, त्याला जे शिकवलं ते त्याने सांगितलं. बाळ, तू साक्षीदाराला विचार की हे जे तू सांगतोस ते कोणी कधी करून बघितलंय का.

तपासात_घालवलं_आयुष्य

सगळं वाचलं. मला दुसरी बाजू मांडायची आहे, राग मानू नका. असं वाचून लोकांना वाटतं फॉरेन्सिक म्हणजे थोतांड, आणि मग उरतं काय? साक्षीदार आणि कबुलीजबाब. दोन्ही किती फसवे असतात ते मी जवळून बघितलंय. माणूस घाबरून न केलेलं कबूल करतो.

इंग्लंडमधली डीएनएची पहिलीच मोठी केस आठवा. १९८३ आणि १९८६ मध्ये दोन मुलींचे खून, १७ वर्षांच्या एका मुलाने त्यातला एक कबूलसुद्धा केला होता. पोलिसांनी दुसराही त्यानेच केला का बघायला अ‍ॅलेक जेफ्रीजकडे, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवायची पद्धत शोधणाऱ्या शास्त्रज्ञाकडे, नमुने दिले, तर निघालं की दोन्ही खून एकाच माणसाने केलेत पण तो हा मुलगा नाही. मग आसपासच्या पाच हजारांहून जास्त पुरुषांचं रक्त तपासलं, खऱ्या गुन्हेगाराने, कॉलिन पिचफोर्कने, सहकाऱ्याला स्वतःच्या नावाने रक्त द्यायला पाठवलं होतं, ते फुटलं आणि १९८८ मध्ये शिक्षा झाली. म्हणजे डीएनएने पहिल्यांदा काय केलं तर एका कबुली दिलेल्या पोराला वाचवलं. त्यामुळे सगळ्या फॉरेन्सिकला एका माळेत ओवू नका एवढंच सांगणं आहे. एका माणसाच्या रक्ताचा भरपूर, ताजा नमुना आणि दातांच्या व्रणांवरून ओळख पटवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार वैज्ञानिकांनी अहवाल दिला त्यातही हाच फरक केलाय, साध्या डीएनएला आणि ठशांना पाया आहे म्हणाले, पण ठशातल्या चुका लोकांना वाटतात त्यापेक्षा जास्त असू शकतात असंही, आणि दातांच्या व्रणांना पायाच नाही.

गणिताची_मॅडम

तपासवाल्या दादांचं पटलं, डीएनए भक्कम आहे. पण डीएनए सांगतं काय, तर हे कोणाचं आहे. ते तिथे कसं आलं, कधी आलं, हे डीएनए सांगत नाही. लोक पहिलं ऐकतात आणि दुसरं आपोआप धरून चालतात.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियात एका खून झालेल्या माणसाच्या नखांखाली एकाचा डीएनए मिळाला, त्यामुळे तो महिनोन्‌महिने तुरुंगात होता. त्याच्या वकिलांनी खणून काढलं की त्या रात्री तो बेशुद्धीच्या अवस्थेत हॉस्पिटलमध्ये भरती होता. मग डीएनए तिकडे गेला कसा? ज्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला उचललं होतं, तेच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. डीएनए त्याचाच होता, लॅबचं काही चुकलं नव्हतं. तो माणूस मात्र तिथे कधी गेलाच नव्हता.

आणि जर्मनीतलं हाइलब्रॉनचं प्रकरण. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून ४० च्या आसपास गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए, खून काय, घरफोडी काय, वर्षानुवर्षं शोध चालला. २००९ मध्ये कळलं की नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्याच ती बनवणाऱ्या ठिकाणच्या एका कामगार बाईच्या हाताने दूषित झालेल्या होत्या. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या हो, पण जंतू मारले म्हणून डीएनए जात नाही.

आता आकड्यांचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. समज, अर्धवट प्रोफाइल (नमुन्यातून काढलेला डीएनएचा नकाशा) मिळालाय आणि तज्ज्ञ सांगतो की असा प्रोफाइल दहा लाखांत एकाचा असतो. सरकारी वकील उभे राहून म्हणतात, म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक. अगं, हे सपशेल चूक आहे! समज, गुन्हा करू शकले असते असे ५० लाख लोक आहेत, तर गुन्हेगार सोडूनही त्यात सरासरी पाच जणांचा प्रोफाइल तसाच निघेल. दुसरा काहीच पुरावा नसेल आणि नुसत्या डेटाबेसमधून नाव काढलं असेल तर तुझा आरोपी त्या सहांतला एक आहे. कुठे सहात एक आणि कुठे दहा लाखांत एक. दुसरा पुरावा असला की चित्र बदलतं, पण मग तो पुरावा वेगळा तोलावा लागतो.

असाच आकडा इंग्लंडमध्ये सॅली क्लार्कच्या खटल्यात आला. तिची दोन तान्ही बाळं गेली, १९९९ मध्ये कोर्टात डॉक्टरांनी सांगितलं की अशा घरात दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७.३ कोटींत एक. कसा काढला? एका मृत्यूची शक्यता ८,५४३ त एक धरली आणि ८,५४३ चा वर्ग केला. म्हणजे एका घरातल्या दोन भावंडांचे मृत्यू एकमेकांशी काही संबंध नसलेले धरले, आईबाप एक, रक्त एक, तरी. आणि दोन बाळांना आईने मारणं हेसुद्धा फार दुर्मीळ असतं, त्याची तुलनाच नाही केली. २००३ मध्ये ती सुटली, पण २००७ मध्ये गेली बिचारी, त्यातून सावरलीच नाही. मी हा गुणाकार वर्गात फळ्यावर करते तेव्हा दर वेळी माझा हात थांबतो.

अजून एक, पूर्ण प्रोफाइलचे आकडे अब्जावधींत येतात. पण लॅबमध्ये दोन नमुन्यांची अदलाबदल हजारात एकदा जरी होत असेल तर त्या अब्जाला काय अर्थ राहिला? अब्जात एक हा योगायोगाने जुळण्याचा आकडा आहे, लॅबकडून चूक होण्याचा नाही. तू लॅबच्या चुका किती होतात तो आकडा विचार.

ठसेतज्ज्ञ_१४वर्षं

मॅडमनी लाख मोलाचं सांगितलं. शब्दांबद्दल थोडं राहिलं होतं माझं. तपासणीच्या टेबलावर जे असतं आणि साक्षीच्या पिंजऱ्यात जे बोललं जातं त्यात अंतर पडतं. केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करायचे पूर्वी, त्यातून जास्तीत जास्त एवढंच म्हणता येतं की हा केस या माणसाचा असू शकतो. एफबीआयने जुन्या साक्षी तपासल्या, २०१५ मध्ये जाहीर केलं की आरोपीविरुद्ध गेलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये तज्ज्ञांनी पुराव्यापेक्षा जास्त सांगितलं होतं. "वगळता येत नाही" चं कोर्टात "त्याचाच आहे" होतं.

आणि दुसऱ्या तज्ज्ञाची सही. रिपोर्टवर दोन सह्या बघून कोर्टाला वाटतं दोघांनी वेगवेगळं बघितलं. पुष्कळदा दुसऱ्यासमोर पहिल्याचा निष्कर्ष आणि त्याने मारलेल्या खुणा आधीच असतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात अशा सह्या केल्यात, समोर सिनियर बसलेले असताना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. आज त्यातल्या काही आठवतात आणि बरं वाटत नाही.

ताई, कामाच्या वेळची टिपणं मागा, नुसता रिपोर्ट नाही. पहिल्या फेरीत चान्स प्रिंटवर किती खुणा मारल्या आणि तुलना झाल्यावर किती झाल्या, तारखेसकट. नमुना कधी सील झाला, कधी पोचला, मधे कुठे होता. आणि तपास अधिकाऱ्याने नमुन्यासोबत पाठवलेलं पत्र. ते पत्र नक्की बघा.

नवी_वकील

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री वाचत बसले आणि आज सकाळी लवकर जाऊन पूर्ण फाइल परत काढली.

ठसेतज्ज्ञ सर, ते पत्र मिळालं. नमुन्यांसोबत लॅबला गेलेलं, दीड पान आहे. पहिल्या परिच्छेदात घटना, दुसऱ्यात आरोपीचं नाव, त्याचा आधीचा चोरीचा गुन्हा, आणि शेवटी अक्षरशः असं वाक्य आहे की "सदर आरोपीने गुन्ह्याची कबुली दिलेली असून त्याचे ठसे घटनास्थळावरील ठशाशी जुळतात किंवा कसे याबाबत अहवाल मिळावा." ती कबुली पोलिसांसमोरची आहे, कोर्टात गुन्हा सिद्ध करायला ती चालत नाही. पण लॅबमध्ये ठसा बघण्याआधी ती वाचली गेली. मी हे पत्र आधी किमान चार वेळा हाताळलंय, अनुक्रमणिकेत नंबर टाकलाय त्याला.

कामाची टिपणं फाइलमध्ये नाहीतच, कधी मागितलीच गेली नाहीत. काचेचा तुकडा नऊ दिवस पोलीस ठाण्यात होता असं नोंदवहीवरून दिसतंय.

दुपारी सरांसमोर पत्र ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, काही बोलले नाहीत बराच वेळ. मग म्हणाले साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज तयार कर, प्रश्न तू काढ. मी बसलेय आत्ता लिहायला.

ठसेतज्ज्ञ_१४वर्षं

छान. एक ध्यानात ठेवा, तो तज्ज्ञ शत्रू नाही. पत्र आधी हातात द्या, त्याला वाचू द्या शांतपणे, आणि मग विचारा की हे तुम्ही ठसा बघायच्या आधी वाचलं होतं का नंतर. प्रामाणिक असेल तर खरं सांगेल. कदाचित ठसा खरंच त्याचाच असेल, तेही ऐकायची तयारी ठेवा. प्रश्न लिहून झाले की तज्ज्ञाच्या नजरेने एकदा वाचून बघतो, केसचे तपशील न टाकता इथे टाका.